एका पानाची जबाबदारी



वयोवृद्ध रुग्णाला तपासताना झोप, भूक, शौचाची सवय आणि गोळ्यांच्या वेळा हे चार प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारतोच. गेली काही वर्षे मी त्यांत पाचव्या प्रश्नाची भर घातली आहे: ‘घरात आपल्यावाचून अडते, असे कोणते काम आहे?’ पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर रुग्ण देत नाही, सोबत आलेला मुलगा किंवा सून देते, आणि तेही काहीशा अभिमानाने: ‘आम्ही त्यांना काडीसुद्धा उचलू देत नाही, डॉक्टर.’ या वाक्यामागची माया खरी असते, यात शंका नाही. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे संसाराचा गाडा ओढला, त्याने आता काडीही उचलू नये, ही व्यवस्था त्याच्या स्नायूंना मानवत नाही आणि मनालाही मानवत नाही.

अशा घरांना मी अलीकडे एक काम सुचवितो. ते बसून करता येते, त्याला खर्च जवळजवळ नाही, त्यात घाई नाही, आणि चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ते काम म्हणजे मांसल पानांच्या झाडांची, ज्यांना रोपवाटिकेत सर्वजण ‘सक्युलंट’ म्हणतात त्यांची, पानापासून किंवा फांदीपासून नवी रोपे तयार करणे. आरोग्याच्या पाक्षिकात बागकाम कशासाठी, असे आपल्या मनात येईल. म्हणून आधी कारण सांगतो, मग कृती, आणि शेवटी डॉक्टर या नात्याने काही सावधगिरीच्या सूचना. त्या सूचना वाचल्याशिवाय कामाला लागू नये, ही विनंती.

दोन मजल्यांची गोष्ट

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की, आपल्या खोलीची मांडणी, वेळेचा उपयोग हे सर्व आपण ठरवायचे आहे. आणि हे रोप हवे असल्यास निवडून घ्या, त्याची निगा मात्र आपल्यालाच राखायची आहे. दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनाही रोपे मिळाली. पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिका करतील, असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही, अधिक सावध आणि इतरांत अधिक मिसळणारी आढळली.

हा प्रयोग लहान होता. त्याच्या पुढील पाठपुराव्यात मृत्यूंच्या प्रमाणाविषयी जो निष्कर्ष मांडला गेला, तो आकडेमोडीतील दुरुस्तीनंतर सौम्य करावा लागला. तेव्हा ‘झाड लावा आणि आयुष्य वाढवा’ असे मी कदापि म्हणणार नाही. पण एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रोपे दोन्ही मजल्यांवर होती. पाणी कोणी घालायचे, एवढाच काय तो त्या रोपांपुरता फरक होता. ज्याची सर्वजण काळजी घेतात, त्यालाही कोणाची तरी काळजी घ्यायला मिळाली पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

सक्युलंटच का?

गुलाब, मोगरा, तुळस ही झाडे रोज लक्ष मागतात. घरातील आजारी माणसाला चार दिवस रुग्णालयात राहावे लागले, तर परत येईपर्यंत कुंडी सुकलेली असते, आणि ते दृश्य मनाला उगाच लागते. सक्युलंटचे तसे नसते. कोरड्या प्रदेशात वाढलेल्या या वनस्पती पानांत व खोडांत पाणी साठवून ठेवतात. बहुतेक झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडतात. सक्युलंटपैकी अनेक जाती ती रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे बाष्प कमी उडते. दहा दिवस दुर्लक्ष झाले तरी ती तग धरतात. विसराळूपणा ज्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे, त्यांना अशी क्षमाशील झाडे सोयीची असतात.

दुसरे कारण असे की, यांची रोपे तयार करण्यासाठी बी लागत नाही. शाळेत पानफुटीच्या पानाचा धडा आपण सर्वांनी वाचलेला आहे. पानफुटीच्या पानाच्या कडेला ज्या खाचा असतात, त्यांतून इवलीशी रोपे फुटतात. ‘शाकुंतला’वर मोहित झालेला जर्मन कवी गटे आपल्या उतारवयात याच पानफुटीच्या नादी लागला होता. तो तिची रोपे वाढवी आणि पाने मित्रमंडळींना पाठवी. जर्मनीत हे झाड आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. एका पानाच्या पोटात पुरे झाड असावे, याचे नवल त्या थोर कवीला वाटले, तसे ते आपल्या घरातील आजीआजोबांनाही वाटल्यावाचून राहत नाही.

साहित्य आणि हंगाम

पसरट, उथळ भांडे घ्यावे. तळाला भोके पाडलेला मिठाईचा डबा, जुनी प्लॅस्टिकची चाळण किंवा मातीची पसरट कुंडी, काहीही चालते. माती मात्र पाणी धरून ठेवणारी नसावी. एक भाग साधी बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचा बारीक चुरा किंवा परलाइट, त्यात मूठभर गांडूळखत, एवढे मिश्रण पुरते. समुद्राची वाळू घेऊ नये. तिच्यातील मीठ मुळांना मारते. नारळाच्या भुश्श्याचे कोकोपीट ओल फार काळ धरते, म्हणून ते टाळावे किंवा अगदी थोडे घालावे. मूठभर ओले मिश्रण हातात दाबून सोडले असता गोळा न होता विस्कटले, तर ते जमले असे समजावे.

हंगामाचे म्हणाल, तर आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आरंभ करणे उत्तम. पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी होत जाते आणि ऊनही सोसवते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे काम चालू ठेवता येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा. पाने रुजण्याआधी कुजतात. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी एप्रिल-मे मध्ये कोवळी रोपे दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावीत.

पानापासून रोप

इचेवेरिया, ग्राप्टोपेटलम, सेडम आणि जेड ही झाडे पानापासून येतात. नवशिक्याने पसरट गुलाबासारखी दिसणारी इचेवेरिया किंवा करडसर ग्राप्टोपेटलम घ्यावे. कृती अशी:

पहिली पायरी पान काढण्याची. झाडाच्या खालच्या भागातील टवटवीत, जाड पान निवडावे. ते अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवावे. पान देठाच्या मुळाशी अखंड सुटले पाहिजे. नवे मूळ व नवा कोंब याच टोकाच्या पेशींतून फुटतात. पान मध्येच तुटले, तर त्यातून सहसा काही निष्पन्न होत नाही.

दुसरी पायरी थांबण्याची. पाने वर्तमानपत्रावर पसरून सावलीत दोन ते चार दिवस ठेवावीत. तुटलेल्या जागी पातळ खपली धरते. आपल्या खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते, तिचे काम जंतूंना आत येऊ न देणे हे असते. येथेही तेच होते. ओले तोंड मातीला लागले तर बुरशी आत शिरते आणि पान सडते. पुष्कळांची पाने याच ठिकाणी वाया जातात, कारण ‘बिचारे सुकेल’ या भीतीने ती लगेच मातीत खोचली जातात.

तिसरी पायरी मांडण्याची. पाने खोचू नयेत. मिश्रणावर आडवी ठेवावीत आणि तुटलेले टोक मातीला जेमतेम टेकवावे. भांडे उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन चालते.

चौथी पायरी पुन्हा थांबण्याची. मुळे दिसेपर्यंत पाणी घालण्याची आवश्यकता नसते. पानात पुरेसे पाणी असते. साधारण दोन-तीन आठवड्यांत गुलाबी किंवा पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळे दिसू लागतात. मग तीन-चार दिवसांनी एकदा फवारणीच्या बाटलीने माती ओलसर करावी. आणखी काही आठवड्यांत मोहरीएवढी, मग वाटाण्याएवढी पानांची गुंडी दिसते. जुने पान आपले सारे पाणी तिला देत देत सुरकुतते. ते ओढून काढू नये. पूर्ण वाळले की आपोआप सुटते. रोप इंचभर झाले की त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. एवढे होण्यास तीन-चार महिने सहज लागतात.

काही पानांना मुळे येतील पण कोंब येणार नाही, काहींना कोंब येईल पण मुळे नाहीत, आणि काही काळी पडून पाणी पाणी होतील. काळी पडलेली तत्काळ उचलून टाकावीत. म्हणून दोन-तीन नव्हे, दहा-बारा पाने लावावीत, म्हणजे निराशा होत नाही.

फांदी, पिल्ले आणि तुकडे

ज्यांना तीन-चार महिने धीर धरवत नाही, त्यांनी फांदी लावावी. जेडची बोटभर लांबीची, म्हणजे सुमारे चार इंचांची फांदी स्वच्छ कात्रीने कापावी, खालची काही पाने काढावीत, आठवडाभर सावलीत खपली धरू द्यावी आणि मग इंच-दीड इंच खोल लावावी. चार-पाच दिवसांनी प्रथम थोडे पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहावी. तिने विरोध केला, तर मुळे धरली आहेत असे समजावे. कात्री वापरण्यापूर्वी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. आम्ही इंजेक्शनपूर्वी त्वचा पुसतो, त्यामागे जो हेतू असतो, तोच येथेही.

कोरफडीचे पान तोडून मातीत लावले तर ते रुजत नाही, सडते. कोरफडीच्या बुंध्याशी जी पिल्ले येतात, ती तीन-चार इंचांची झाल्यावर थोड्या मुळांसह अलग करावीत, दोन दिवस सुकवावीत आणि लावावीत. स्नेक प्लांटच्या पानाचे मात्र तीन-चार इंचांचे तुकडे करून लावता येतात. त्यात एकच पथ्य आहे: तुकड्याचे खालचे टोक खालीच राहिले पाहिजे. उलटा लावलेला तुकडा मुळे धरत नाही, म्हणून कापतानाच खालच्या बाजूला पेनाने खूण करावी. पिवळ्या कडेच्या जातीचे तुकडे लावल्यास नवी रोपे साध्या हिरव्या रंगाची येतात. त्यात आपले काही चुकलेले नसते. पिवळी कड हवी असल्यास मूळ झाडाचे पिल्लू वेगळे करावे.

पाण्याचा हिशेब

सक्युलंट तहानेने क्वचित मरतात. मरतात ती अतिपाण्याने. वाढत्या रोपाला ठरावीक वारी पाणी घालण्यापेक्षा बांबूची काडी मातीत खुपसून पाहावी. काडी कोरडी निघाली, तरच पाणी घालावे, आणि घातले तर तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत घालावे. हिवाळ्यात हा फेरा दहा-पंधरा दिवसांनी येतो. पाने मऊ व पारदर्शक झाली तर पाणी जास्त झाले, आणि पातळ होऊन सुरकुतली तर कमी पडले. पांढरा कापसासारखा पुंजका दिसल्यास तो पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने तो टिपून काढावा.

कुंडीखाली पाणी साठणारी बशी ठेवूच नये. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घरात बशी असलीच, तर दर आठवड्याला ती रिकामी करून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

थरथरता हात, विसरते मन

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना अर्धांगवायूनंतर उजव्या हाताची चिमूट जमत नव्हती. व्यायामासाठी दिलेले मणी उचलायला ते तयार नसत. ‘मी काय बालवाडीत आहे?’ असा त्यांचा रास्त सवाल होता. त्यांच्या पत्नीने त्यांच्यासमोर इचेवेरियाची कुंडी ठेवली आणि ‘मला ही पाने काढून द्या, माझे डोळे साथ देत नाहीत’ एवढेच म्हटले. पहिल्या दिवशी अर्धी पाने फाटली. काही आठवड्यांनी अखंड निघू लागली. त्यांचा हात पूर्ववत झाला नाही. तसे वचन कोणी दिलेलेही नव्हते. पण शर्टाची बटणे ते आता स्वतः लावतात, आणि मला भेटले की आधी पानांचा हिशेब देतात, मग रक्तदाबाचा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम चालू होतेच, हे सांगितले पाहिजे. रोपांनी व्यायामाची जागा घेतली नाही, व्यायामाला कारण दिले.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीबाबत निराळी अडचण येते. एका आजींना पाणी घातल्याचे आठवत नसे, आणि त्या दिवसातून चार वेळा घालीत. सर्व रोपे कुजली. त्यांच्या सुनेने झारी लपवून ठेवली, तेव्हा घरात रोज वाद होऊ लागला. शेवटी तोडगा साधाच निघाला. आजींना पुदिन्याची आणि अळूची कुंडी देण्यात आली. ही झाडे पाण्याला कंटाळत नाहीत. सक्युलंटची पाने वर्तमानपत्रावर मांडणे, मोजणे, वाळलेली वेचणे एवढेच काम त्यांच्याकडे राहिले आणि पाणी सुनेने पाहिले. आजारी माणसाला त्याची चूक पटवून देण्यापेक्षा जेथे चूक होऊच शकत नाही असे काम शोधणे पुष्कळदा सोपे असते.

दृष्टी मंद असल्यास भांड्याखाली पांढरा कागद अंथरावा, म्हणजे हिरवी पाने उठून दिसतात. कंप असल्यास दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून काम करावे. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर जाड मुठीची कात्री वापरावी आणि एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक बसू नये.

डॉक्टरांच्या सूचना

आता थोडे कठोर होऊन लिहितो.

भांडी कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर ठेवावीत. जमिनीवर उकिडवे बसून झटकन उठल्यास रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येते, आणि या वयातील एक पडणे मांडीचे हाड मोडण्यास पुरेसे असते. डोक्यावर टांगलेल्या कुंड्या, स्टूल आणि ओली फरशी या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. जड कुंडी उचलण्याचे काम तरुणांनी करावे.

हातमोजे व पायांत चपला असाव्यात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना काटा रुतल्याचे कळतही नाही. आठवड्याने जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. काम संपल्यावर हात-पाय धुऊन तळव्यांची पाहणी काळजीवाहकाने करावी. काटा लागल्यास साबण व वाहत्या पाण्याने जखम धुवावी. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, याचा आपल्याकडे सर्रास विसर पडतो. आपली लस केव्हा झाली, हे आजच कागदावर शोधावे. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीत, मातीतील एका जिवाणूमुळे मेलिऑइडोसिस नावाचा गंभीर आजार होऊ शकतो आणि मधुमेहींना त्याचा धोका अधिक असतो. अंगावर उघडी जखम असताना चिखलात हात घालू नये. कोरडी माती चाळताना धूळ उडते, म्हणून ती आधी किंचित ओलसर करावी. दमेकऱ्यांनी मास्क लावावा.

शेर, त्रिधारी निवडुंग आणि काटेरी युफोर्बिया यांच्या फांद्या तोडल्यावर पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो आणि दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. ही झाडे ज्येष्ठांच्या व लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. चीक गेलाच, तर डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावेत आणि विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

सर्वांत महत्त्वाचे: घरी वाढविले म्हणून औषध म्हणून खाऊ नये. मुतखड्यावर पानफुटीची पाने खाण्याचा सल्ला नातेवाईक मोठ्या विश्वासाने देतात. या जातीच्या झाडांत हृदयाच्या स्पंदनांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. डिजॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे. तो पोटात गेल्यास जुलाब होऊन शरीरातील पोटॅशियम घटते, आणि लघवीच्या गोळ्या किंवा डिजॉक्सिन चालू असणाऱ्यांना हे धोकादायक ठरते. असे काही घेत असाल, तर मनात संकोच न ठेवता आपल्या डॉक्टरांना सांगावे. आम्ही रागावलो तरी चालेल, कळले पाहिजे.

आणखी एक गैरसमज: स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देते, म्हणून ते दम्याच्या रुग्णाच्या उशाशी ठेवावे, असे सांगितले जाते. ही झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरे. परंतु प्राणवायू तयार होण्यास प्रकाश लागतो, आणि दोन-चार कुंड्यांनी खोलीची हवा बदलत नाही. खिडकी उघडल्याने त्याहून कितीतरी अधिक लाभ होतो. इनहेलर बंद करून कुंडी आणण्याचा अविचार कृपया करू नये.

‘या वयात झाड लावून काय करू?’

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. विचारणाऱ्याला आपले उरलेले दिवस मोजता येतात. ‘आपण शंभर वर्षे जगाल’ असे खोटे उत्तर मी देत नाही. मी एवढेच सांगतो की, आंबा लावायला सांगत नाही. पान ठेवले की तीन आठवड्यांत मूळ दिसते. तीन आठवड्यांची वाट पाहणे कोणालाही परवडते. आणि रोप तयार झाले की ते कोणाला द्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार आपला. जेड नीट राखले तर अनेक दशके जगते. नातीच्या नव्या घरी, शेजारच्या वहिनींकडे, रोज गोळ्या आणून देणाऱ्या औषधवाल्याला आपण स्वतःच्या हाताने वाढविलेले काही देणे, यात एक मान असतो. आजारपणात माणूस सतत घेणारा होऊन बसतो. त्याला पुन्हा देणारा होता येते, हे फार थोड्या औषधांना साधते.

काळजीवाहकांना माझे सांगणे वेगळे आहे. आपण थकला आहात, हे मला ठाऊक आहे. हे नवे काम आपल्या यादीत एकाने भर घालण्यासाठी नाही. साहित्य एकदा मांडून द्यावे आणि मग बाजूला व्हावे. पान तुटेल, माती सांडेल, दोन रोपे मरतील, मरू द्यावीत. ‘राहू द्या, मी करते’ हे शब्द जिभेवर आले तरी गिळून टाकावेत. तो अर्धा तास आपण चहाचा पेला घेऊन खिडकीशी बसलात, तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. सक्युलंटप्रमाणेच माणसेही पुष्कळदा दुर्लक्षापेक्षा अतिकाळजीने अधिक कोमेजतात, आणि हे सांगताना मायेत उणे काढण्याचा माझा हेतू नाही.

या पंधरवड्यापुरते एवढेच करावे. शेजारीपाजारी कोणाकडे इचेवेरिया किंवा जेड असेल, त्यांच्याकडून दहा पाने मागून आणावीत. ती वर्तमानपत्रावर सावलीत पसरावीत आणि कागदाच्या कोपऱ्यावर आजची तारीख घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने, आपल्या हस्ताक्षरात, घालावी. खपली धरली का, हे रोज पाहण्याचे काम त्यांचे. पाणी मात्र अद्याप कोणीही घालू नये.